शेजारची खुर्ची

शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायचं आणि उतरवायचं, हे काम तिनं एकतीस वर्षं केलं. त्यामुळे आख्खी वस्ती तिला बसमावशी म्हणायची. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ते नाव काही तिला सोडेना. वस्तीतली निम्मी तरुण मंडळी तिच्या हाताखालून गेलेली. दाढीमिशा आलेले बाप्ये रस्त्यात ती दिसली की अजूनही खिशातले हात बाहेर काढत, कारण याच बाईनं आपल्याला कधीतरी कान धरून मागच्या बाकावरून पुढे आणून बसवलं होतं, हे कोणीच विसरलं नव्हतं.

तिच्या कामाची एक पद्धत होती. बाकीच्या बसमधल्या बाया भरलेल्या जागा मोजत. मावशी डोकी मोजायची, आणि तीही हात लावून. नुसत्या नजरेवर तिचा विश्वास नव्हता. जागेवर दप्तर ठेवलं, त्यावर टोपी ठेवली की लांबून मूल बसल्यासारखंच दिसतं, असं ती म्हणायची. हाताला डोकं लागलं म्हणजे लागलं. बस सुटण्याआधी ती दोन्ही हातांनी टपल्या मारल्यासारखी डोकी मोजत मागेपर्यंत जायची, आणि सगळी उतरल्यावर पुन्हा एकदा मागेपर्यंत जाऊन प्रत्येक बाकाखाली वाकून बघायची.

चालक वैतागायचा. "अहो मावशी, उतरली की सगळी. मी आरशात बघितलं."

"आरशात तू बघितलंस. मी वाकून बघते."

एका दुपारी शेवटच्या बाकाखाली तिला एक मुलगा सापडला. तापानं फणफणलेला, दप्तर कवटाळून गाढ झोपलेला. बस तशीच आगारात गेली असती तर भर उन्हात, बंद काचांच्या आत तो सकाळपर्यंत तसाच पडून राहिला असता. त्या दिवसानंतर चालकानं जन्मात कधी कुरकुर केली नाही. ही गोष्ट घरोघर झाली, आणि बसमावशीजवळ मूल आहे म्हणजे घोर नाही, हे वस्तीत पक्कं बसलं.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे, पुढे जे झालं ते मावशी निष्काळजी होती म्हणून झालं नाही. तसं असतं तर बरं झालं असतं. ती काळजी घेण्यासाठी प्रसिद्ध होती, आणि त्या प्रसिद्धीचाच घात झाला.

वस्तीचं एक सभागृह होतं. दर रविवारी सकाळी दहा ते बारा ते सगळ्यांसाठी उघडं असे. एका बाजूला वर्तमानपत्रांचं लांबलचक टेबल, दुसऱ्या बाजूला टेबल टेनिस, खिडकीजवळ मुलांचा चित्रं काढायचा कोपरा, आणि स्टेजवर सात-आठ हौशी लोकांचा गाण्याचा गट, ज्यांच्यातल्या दोघांनाच सूर ठाऊक होता. करड्या रंगाच्या घडीच्या खुर्च्या, मध्ये एक लोखंडी खांब, आणि भिंतीवर एक गोल घड्याळ. ते कायम चार मिनिटं मागे असायचं.

त्या वस्तीत एक घड्याळजी होता. नाक्यावर त्याचं छोटं दुकान. डोळ्याला भिंग लावून दिवसभर वाकलेला, बोलायला मऊ, कोणाशी भांडण नाही, तंटा नाही. घड्याळाच्या आतली चाकं बघायला मुलं दुकानात जमायची. नंतर एका मुलीनं घरी तोंड उघडलं, मग दुसरीनं. खटला झाला, गुन्हा शाबित झाला, सहा वर्षांची शिक्षा झाली. ती दोन्ही कुटुंबं वस्ती सोडून गेली. हे बरं असतं नाही? ज्यांचं काही चुकलेलं नसतं त्यांनाच सामान बांधावं लागतं.

सहा वर्षांनी तो सुटला आणि धाकट्या बहिणीकडे राहायला आला. बहिणीनं सभागृहाच्या समितीला पत्र लिहिलं: भाऊ दिवसभर भिंतीकडे बघत बसतो, त्याला रविवारी दोन तास तरी माणसांत येऊ द्या. तोवर वस्तीत बरीच नवी माणसं आली होती. जुन्यांतल्या बऱ्याच जणांना ते प्रकरण आठवायचं नव्हतं. नव्यांना ते ठाऊकच नव्हतं.

समितीचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त इंजिनियर. आयुष्यभर पूल बांधले, आणि आता माणसं दुरुस्त करायची हौस. त्यांनी समितीची बैठक बोलावली. मावशी धरून सात सभासद होते. सुटलेल्या कैद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयातून एक अधिकारी बाई आल्या होत्या. कामाच्या ओझ्यानं पिचलेली, पण सरळ बोलणारी बाई. त्या म्हणाल्या, "त्यांना येऊ देणार असाल तर दोन गोष्टी करा. एक, ते इथे असताना एक मोठं माणूस सतत त्यांच्याजवळ हवं. आणि दुसरं, इथे ज्यांची मुलं येतात त्या सगळ्यांना हे सांगा. मुलांबरोबर कुठेही एकटं थांबायचं नाही, अशी त्यांना कोर्टाची अट आहे. पण पालकांना माहीत असेल तरच ती अट मोडल्याचं कोणाला कळणार."

पहिली गोष्ट समितीनं जाड अक्षरात लिहून घेतली. दुसरी, बाई गेल्यावर चर्चेला घेतली.

"सगळ्यांना सांगायचं म्हणजे तमाशा होणार," अध्यक्ष म्हणाले. "फलक लावायचा का गळ्यात? माणसानं शिक्षा भोगलीय."

"आणि लोक मुलांना पाठवायचंच बंद करतील," चिटणीस म्हणाले. त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि प्रत्येक गोष्टीचे दुष्परिणाम सांगायची सवय होती.

"नजर ठेवणारं माणूस पक्कं असलं तर सांगायची गरज काय?" अध्यक्षांनी मावशीकडे बघितलं. "मावशी, तुमच्याइतकी नजर आहे कोणाची इथे? एकतीस वर्षांत एक मूल हरवलं नाही तुम्ही."

मावशी आधी नाहीच म्हणाली. "मी मुलांवर नजर ठेवलीय आजवर. असल्या माणसाच्या शेजारी बसायचं म्हटलं तर अंगावर काटा येतो माझ्या."

"म्हणूनच तुम्ही," अध्यक्ष म्हणाले.

माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं कसं, हे त्यांना नीट जमायचं. मावशी चढली. कागद तयार झाला. त्याला सगळे करार म्हणत. घड्याळजीनं खांबाजवळच्या शेवटच्या खुर्चीत बसायचं. शेजारच्या खुर्चीत मावशी. त्यानं मुलांशी बोलायचं नाही, त्यांना काही द्यायचं नाही. स्वच्छतागृहात जायचं झालं तर मावशीनं बाहेर उभं राहायचं. आणि शेवटचं कलम: ही माहिती सही करणाऱ्यांपलीकडे जाणार नाही. त्यावर मत घेतलं गेलं. सातही हात वर झाले. त्यांत मावशीचाही होता. पुढे ती कोणाला सगळी हकिकत सांगायला लागली की आधी हेच सांगायची.

पहिले काही रविवार तिनं डोळ्यात तेल घालून पहारा दिला. गाण्याचा गट काय गातो, वर्तमानपत्रात काय आलंय, कशाकशात लक्ष नाही. तो उठला की ती उठायची. स्वच्छतागृहाबाहेर ती हाताची घडी घालून उभी राही तेव्हा येणारे-जाणारे गमतीनं बघत. टेबल टेनिसवाल्यांतला एक आगाऊ म्हणाला, "मावशी, या वयात जोडीदार मिळाला वाटतं?" मावशी म्हणाली, "गप बस. पहिलीत असताना बसमध्ये रडायचास ते सांगू का सगळ्यांना?" सगळे हसले. मावशीही हसली. खरं काय ते सांगता येत नसलं की माणूस हसूनच वेळ मारून नेतो.

आणि घड्याळजी कराराच्या काटेकोर आत राहायचा. हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर. मुलांच्या कोपऱ्याकडे तो मान वळवून बघतसुद्धा नसे. चेंडू टपटप करत त्याच्या पायाशी आला तर तो पाय उचलून घ्यायचा आणि मावशीनं चेंडू परत फेकेपर्यंत तसाच अधांतरी धरून ठेवायचा. मावशीला पहिल्यांदा ते बघून बरं वाटलं. पुढे पुढे जरा कीव यायला लागली. इथूनच ती घसरायला लागली, आणि तिला त्याचा पत्ताही लागला नाही.

तिसऱ्या महिन्यात त्यानं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायची परवानगी मागितली. अध्यक्षांनी स्वतः शिडी धरली. घड्याळ बरोबर चालायला लागलं तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या, आणि अध्यक्षांचा चेहरा एखादा पूल पूर्ण झाल्यासारखा उजळला. मग त्यानं मावशीचं मनगटी घड्याळ दुरुस्त केलं. तिच्या नवऱ्याचं होतं ते, तो गेल्यापासून बंद पडलेलं. पुढच्या रविवारी रुमालात गुंडाळून त्यानं ते परत आणलं, टिकटिकतं. नवऱ्याचा पट्टा तिला सैल होत होता, म्हणून तिच्यासमोरच त्यानं त्याला एक जादा भोक पाडून दिलं. मावशीनं ते कानाला लावलं आणि तिचे डोळे भरून आले. त्या दिवशी तिनं थर्मासमधला चहा पहिल्यांदा दोन कपांत ओतला.

त्यानंतर दर रविवारी दोन कप यायला लागले. कराराच्या कागदावर चहाबद्दल काही नव्हतं. दोन तास शेजारी बसायचं, एकानं प्यायचा आणि दुसऱ्यानं बघायचं, हे तिला माणुसकीला धरून वाटेना. पहारा चालूच होता, नजरही होती. फक्त लांबून बघणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. लांबून दिसायचं ते एवढंच, की बसमावशी आणि एक सभ्य, टापटिपीचे गृहस्थ दर रविवारी खांबाजवळ बसून चहा पितात.

आरसा आणि वाकून बघणं यांतला फरक चालकाला शिकवणारी बाई, आपण स्वतः लोकांना आरशात कशा दिसतोय हे मात्र तिच्या डोक्यात आलं नाही.

त्याच सुमारास वस्तीत एक नर्स राहायला आली. एकटी, सोबत सात वर्षांची मुलगी. मुलीचे पुढचे दोन दात पडले होते म्हणून मावशीनं तिचं नाव बोळकी ठेवलं, आणि बोळकीनं ते खुशीनं घेतलं. मुलगी चुणचुणीत होती. चित्रांच्या कोपऱ्यातून दर दहा मिनिटांनी धावत यायची, कागद मावशीसमोर धरायची. मावशी सवयीनं तिच्या डोक्यावर हात ठेवायची. "एक," ती म्हणायची. "एकच आहेस का मोजून बघते." बोळकी खिदळत परत जायची. घड्याळजी तेवढा वेळ वर घड्याळाकडे बघत असायचा.

एका रविवारी नर्स मावशीजवळ येऊन वाकली. घड्याळजी तेव्हा वर्तमानपत्र आणायला चार पावलांवरच्या टेबलाशी गेला होता. तिनं हळूच विचारलं, "मावशी, हे तुमचे कोण?"

मावशीच्या डोळ्यांपुढे तो कागद आला. शेवटचं कलम, सात सह्या. समोर ही दमलेली पोरगी, डोळ्यांखाली काळं, हातात मुलीचा स्वेटर. सांगावं का? आतून एक मन म्हणत होतं, सांग. पण वर केलेला हात होता, दिलेला शब्द होता, आणि खरं सांगायचं तर दुरुस्त झालेलं घड्याळही होतं. तो पेपर घेऊन वळला. मावशी म्हणाली, "ओळखीचे आहेत."

नर्स हसली, त्यालाही मान लववून हसली, आणि गेली. मावशीच्या तोंडून त्या दिवशी एवढेच दोन शब्द गेले. तिनं नंतर हिशेब लावला, तर ते दोन शब्द बोलायला तिला एक श्वाससुद्धा पुरा लागला नव्हता.

सहा आठवडे गेले. सातव्या रविवारी बोळकी चित्र घेऊन आली, पण नेहमीसारखी धावत आली नाही, चालत आली. कागद पुढे केला तेव्हा बाही वर सरकली. मनगटावर एक इवलंसं घड्याळ होतं. लाल पट्टा, आणि त्या पट्ट्याला हातानं पाडलेलं एक जादा भोक, मुलीच्या मनगटाच्या मापाचं.

मावशीनं ते भोक ओळखलं. तसलं भोक पाडताना तिनं त्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, तिच्याच घड्याळाच्या पट्ट्याला.

"अगं बाई, छान आहे की," तिनं आवाज ताब्यात ठेवला. "कोणी दिलं?"

बोळकीनं शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. घड्याळजी भिंतीवरच्या काट्यांकडे बघत होता. मुलीनं चटकन बाही खाली ओढली.

"गुपित आहे. तुला सांगायचं नाही," ती म्हणाली.

एकतीस वर्षांत मावशीनं मुलांची शेकडो गुपितं ऐकली होती. फुटलेले डबे, हरवलेल्या पेन्सिली, कोण कोणाशी बोलत नाही. गुपित म्हणताना मुलांचे डोळे चमकतात. या मुलीचे चमकले नाहीत. मावशी उठली. गुडघा कळवळला तरी उठली, बोळकीचा हात धरला आणि तिला सरळ तिच्या आईकडे घेऊन गेली. घड्याळजी उठला नाही. करार होता ना, खांबाजवळच्या खुर्चीतच बसायचं म्हणून.

नर्स सूचनाफलकाजवळ उभी होती. मावशीनं मुलीला गाण्याच्या गटातल्या एका बाईंजवळ बसवलं आणि परत आली.

"हे घड्याळ कोणी दिलं तिला?"

"तुमच्या त्यांनीच की," नर्स म्हणाली. "काकांनी. फार चांगले आहेत हो. औषधांच्या दुकानात भेटले होते. माझी बुधवारची ड्यूटी दुपारची लागली, ही शाळेतून येते तेव्हा घरात कोणी नाही, त्या काळजीत होते मी. मीच दुकानात ते बोलत होते कोणाशी तरी. तर मागून म्हणाले, ‘रविवारी बसमावशींच्या शेजारी बसतो तो मी. तासभर बसत जाईन मी मुलीजवळ, तिला घड्याळ बघायला शिकवेन.’ पाच बुधवार झाले. का हो? काय झालं?"

मावशीनं सांगितलं. तिथेच, सूचनाफलकापुढे उभं राहून, हळू आवाजात, काहीही न गाळता. दुकान, त्या दोन मुली, सहा वर्षं, करार, शेवटचं कलम, वर केलेला हात.

नर्सच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली. आधी तिला कळेना, मग पटेना, मग तिनं मागे फलकाला हात टेकला. ती ओरडेल, आपल्या मुस्कटात मारेल, असं मावशीला वाटलं. तिनं मारलं असतं तर मावशीनं दुसरा गाल आनंदानं पुढे केला असता.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती एवढंच म्हणाली. "मी तुमच्याजवळ येऊन विचारलं होतं."

"हो," मावशी म्हणाली.

"मी कोणावर विश्वास टाकत नाही, मावशी. शेजारणीलाही किल्ली देत नाही मी. तुम्ही शेजारी बसायचात त्याच्या, म्हणून..."

तिनं मुलीला उचललं, सात वर्षांच्या घोडीला तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं, आणि बाहेर पडली. स्वेटर खुर्चीवरच राहिला.

त्याच दिवशी दुपारी पोलीस त्याच्या बहिणीच्या घरी गेले. बंद खोलीत एका बाई अधिकाऱ्यानं आणि एका डॉक्टरबाईंनी बोळकीशी बोलून घेतलं. ती तिथे काय बोलली ते मावशीला कधी कळलं नाही, आणि कळायचा तिला हक्कही नव्हता. एवढंच कळलं, की घड्याळजी पुन्हा आत गेला आणि या वेळी बहिणीनं पत्र लिहिलं नाही. त्यावरून ज्यानं त्यानं समजायचं ते समजून घेतलं.

समितीची बैठक चार दिवसांनी झाली. मावशीला वाटलं होतं, माना खाली असतील. अध्यक्षांची मान ताठ होती.

"झालं ते वाईटच झालं," त्यांनी सुरुवात केली. "पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. सभागृहात त्यांनी एकही नियम मोडला नाही. आपली व्यवस्था चोख होती."

"एकही नाही," चिटणीसांनी लिहून घेतलं.

"आणि दुसरं," अध्यक्ष मावशीकडे वळले, "तुम्ही समितीला न विचारता त्या बाईंना सगळं सांगून टाकलंत, भर सभागृहात. करारात गोपनीयता होती. उद्या प्रश्न आले तर?"

मावशीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसावं. मग कळलं, नीटच आलंय.

"मी सांगितलं त्याबद्दल जाब विचारताय मला?" ती म्हणाली. "अहो, मी सात आठवडे उशिरा सांगितलं, त्याबद्दल विचारा की. त्या अधिकारी बाई पहिल्याच दिवशी सांगून गेल्या होत्या, पालकांना सांगा. सात जण ऐकत होतो आपण. सातही मुकाट बसलो."

"तुम्ही होता म्हणून तर आम्ही निर्धास्त होतो, मावशी," चिटणीस म्हणाले.

"तीसुद्धा होती," मावशी म्हणाली. "ती आईसुद्धा माझ्याच जिवावर निर्धास्त होती. तुमच्या कागदानं काय केलं सांगू? त्याला कुठे एकटं सोडायचं नाही म्हणून मला त्याच्या शेजारी बसवलं, आणि मी कोण म्हणून बसलेय ते मात्र कोणाला सांगायचं नाही. मग लोक काय समजणार? पोलीस बसलाय कैद्याशेजारी, असं समजणार होते का? हे त्याचं माणूस आहे, असंच समजणार. मला पहाऱ्याला बसवलं नव्हतं तुम्ही. त्याच्या चांगुलपणाचा दाखला म्हणून बसवलं होतं. आणि मी बसले. चहा घेऊन बसले."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. ठराव झाला तो असा, की यापुढे अशा अर्जांचा विचार करू नये आणि झाल्या प्रकाराबद्दल सभासदांत चर्चा करू नये. त्याला सहा हात वर झाले.

पुढच्या रविवारी मावशी सभागृहाच्या दारात उभी राहिली. आत गेलीच नाही. मूल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तिनं थांबवलं आणि सांगितलं, काय झालं होतं, कोणी कोणी काय लपवलं होतं, त्यात मी होते. मुलीचं नाव, घर, काही सांगितलं नाही. स्वतःचं सगळं सांगितलं. काहींनी हात धरले तिचे. काहींनी मुलं ओढून नेली. टेबल टेनिसवाला तो आगाऊ, त्याला स्वतःची दोन वर्षांची मुलगी होती, तो तिच्याकडे बघायचं टाळून आत गेला. चिटणीस बाहेर येऊन म्हणाले, "मावशी, वातावरण बिघडतंय." मावशी म्हणाली, "बिघडू दे." तिनं असे पाच रविवार काढले. सहाव्या रविवारी तिच्यासाठी दाराशी एक खुर्ची आणून ठेवली होती, कोणी ते कळलं नाही. ती खुर्चीवर बसली नाही. खुर्चीत बसायचं तिनं सोडलं होतं.

नर्सनं घर सोडायचं ठरवल्याचं तिला औषधांच्या दुकानाबाहेर कळलं. पुन्हा तेच. ज्यांचं काही चुकलं नव्हतं त्यांचंच सामान बांधलं जात होतं.

मावशी शेवटच्या सकाळी त्यांच्या घरी गेली. हातात तो विसरलेला स्वेटर होता, धुऊन घडी केलेला. दार उघडंच होतं. खोलीत खोक्यांचे ढीग, भिंतीवर चित्रं काढून घेतल्याच्या चिकटपट्टीच्या खुणा. नर्सनं तिला आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. स्वेटर घेतला.

"मी माफी मागायला नाही आले," मावशी म्हणाली. "कोणत्या तोंडानं मागू? नुसती आले."

नर्सनं स्वेटर एका खोक्यात ठेवला. मग म्हणाली, "तिला तुम्हाला एक विचारायचंय. रोज मला विचारते. मी काय सांगू? डॉक्टरबाई म्हणाल्या, विचारू द्या, आणि खरं तेच सांगा."

बोळकी आतल्या खोलीतून आली. आईच्या मागे अर्धी लपून उभी राहिली. खालचा एक दात नवा आलेला दिसत होता. मनगट मोकळं होतं.

"मावशी, ते वाईट आहेत हे तुला माहीत होतं?"

मावशी गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकली, मुलीच्या डोळ्यांपर्यंत.

"हो," ती म्हणाली. "माहीत होतं."

"आधीपासून?"

"आधीपासून."

मुलीनं विचार केला. मोठी माणसं करतात तसा, कपाळाला आठी घालून.

"मग तू त्यांना चहा का द्यायचीस?"

मावशीकडे उत्तरं होती. करार होता, सात सह्या होत्या, अध्यक्षांचं ते बोलणं होतं, दुरुस्त झालेलं घड्याळ होतं, शेजारच्या माणसाला सोडून एकटीनं चहा प्यायला जीव होत नाही हेही होतं. बैठकीत तिनं ती धडाधड मांडली होती. इथे, या मुलीच्या उंचीला वाकल्यावर, त्यातलं एकही तोंडात येईना.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

खालून हॉर्न वाजला, सामानाची गाडी आली होती. मावशी उठताना, एकतीस वर्षांच्या सवयीनं, तिचा हात आपसूक पुढे गेला, मुलीच्या डोक्याकडे.

मुलीनं डोकं बाजूला घेतलं.

ती रागानं मागे सरकली नाही, घाबरलीही नाही. फक्त हाताला लागणार नाही एवढं डोकं तिनं बाजूला घेतलं आणि आईचा हात धरला. एवढ्या वर्षांत एकाही मुलानं असं केलं नव्हतं. मावशीनं हात मागे घेतला, कठड्याला धरलं आणि एकेक पायरी जिना उतरायला लागली.